इराणचं युरेनियम आणि समोरच्या किनाऱ्यावरचे आपण

(खाबुरा, ओमान येथे मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला खरं तर बातिना किनाऱ्यावरच्या विहिरी खारट का होताहेत यावर बोलायला सांगितलं होतं. तो माझा रोजचा विषय आहे. पण मागच्या बैठकीत चहाच्या वेळी सोहारहून येणाऱ्या काकांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हा मी काहीतरी अर्धवट उत्तर देऊन निसटले. काका म्हणाले, "मॅडम, इराणला बॉम्ब करू द्यायचा नसेल तर ते कारखानेच उडवून टाकलेले काय वाईट? इतकी वर्षं वाटाघाटी करून मिळालं काय?" प्रश्न सरळ आहे आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या मनात आहे. तेव्हा विहिरी पुढच्या वेळी.

आधीच सांगते, मी परराष्ट्र धोरणाची जाणकार नाही. पाण्यातली समस्थानिकं मोजणं हे माझं काम. आणि इराणच्या राजवटीबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर तिथल्या मुलींवर काय गुदरलं ते पाहिलेल्या कुठल्याही बाईला ते असणं अवघड आहे. पण प्रश्न राजवट आवडते का हा नाही. युरेनियम कुठे आहे, किती आहे आणि कुणाच्या नजरेखाली आहे, हा आहे.

आपण बसलो आहोत तिथून समुद्रापलीकडे इराणचं जास्क सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. मुंबई-नाशिकपेक्षा थोडं जास्त. १३ जून २०२५ ला, शुक्रवारीच, इस्रायलने हल्ले सुरू केले आणि २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. त्या दहा दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "नळाचं पाणी प्यायचं का?" इथलं नळाचं पाणी बहुतेक समुद्राचंच, गोडं केलेलं, त्यामुळे धास्ती साहजिक होती. मी "प्या" म्हणून सांगत होते, आणि ते बरोबर होतं. त्या तीन ठिकाणी मोठी अणुभट्टी चालत नव्हती, युरेनियम होतं. ते सांडलं तर जवळपासच्या लोकांना विषारी, पण शेकडो मैल पसरणारं नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही परिसराबाहेर किरणोत्सार वाढला नसल्याचं सांगितलं. बुशेहरची गोष्ट निराळी. तिथे १००० मेगावॅटची चालती भट्टी आहे, आणि तीही आखाताच्या पाण्यावर. तिच्यावर हल्ला झाला तर परिणाम सर्वांत गंभीर होतील, असा इशारा संस्थेच्या प्रमुखांनी २० जूनला सुरक्षा परिषदेत दिला होता. तसं झालं असतं तर मी "प्या" म्हटलं नसतं.

आता काकांचा प्रश्न. त्यासाठी थोडं गणित करू या, शाळेतलंच.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे हजार अणू घ्या. त्यातले कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे, फक्त सात. उरलेले ९९३ जड भाऊ. समृद्धीकरण म्हणजे या जड भावांना बाहेर काढणं. वीजनिर्मितीपुरतं, ३.६७ टक्क्यांपर्यंत जायचं तर सातांबरोबर १८४ उरतात. २० टक्क्यांवर उरतात २८. ६० टक्क्यांवर जेमतेम पाच, आणि बॉम्बच्या ९० टक्क्यांवर एकसुद्धा पुरता उरत नाही. म्हणजे ६० टक्क्यांना पोचलेल्या माणसाने ९९३ पैकी ९८८ बाहेर काढलेले असतात. साठ हा नव्वदाच्या दोन-तृतीयांश वाटतो, पण प्रत्यक्षात तो शेवटची पायरी असतो.

हे ध्यानात ठेवून २०१५ चा करार पाहा. त्याची सुरुवात आपल्या इथे झाली, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? सुलतान काबूस यांनी आधी इराणच्या तुरुंगातल्या अमेरिकन गिर्यारोहकांची सुटका घडवून दोन्ही बाजूंचा विश्वास कमावला. मग जुलै २०१२ मध्ये मस्कतला गुपचूप पहिली भेट झाली. अमेरिकेकडून आलेल्या दोघांपैकी एक पुनीत तलवार, आपल्याच वंशाचे. मार्च २०१३ मध्ये विल्यम बर्न्स आले. त्यातून नोव्हेंबर २०१३ चा जिनिव्हाचा तात्पुरता करार आणि १४ जुलै २०१५ चा व्हिएन्नाचा. इराणने ३.६७ टक्क्यांची मर्यादा मान्य केली आणि साठ्याला ३०० किलोचं कुंपण घातलं. सुमारे १९ हजार सेंट्रिफ्यूज यंत्रांपैकी ६,१०४ ठेवली, फोर्दोत समृद्धीकरण बंद केलं. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ११ हजार किलो माल जहाजाने रशियाला गेला. जास्तीचं जड पाणी तर ओमानमार्गे अमेरिकेने विकत घेतलं! अणुस्पर्धेच्या इतिहासात अशा खरेदीची दुसरी पावती शोधून दाखवा.

मोजणाऱ्यांनी मोजून सांगितलं की इराण करार पाळतो आहे. एकदा नाही, पुनःपुन्हा. तरी ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं. इराण पुढे वर्षभर थांबला, मग पायरी पायरीने मर्यादा ओलांडत गेला. एप्रिल २०२१ मध्ये नतांझला घातपात झाला आणि त्याच आठवड्यात ६० टक्क्यांचं समृद्धीकरण सुरू झालं. २०१८ मध्ये ६० टक्क्यांचा साठा शून्य होता. १३ जून २०२५ ला तो ४४०.९ किलो होता. तेव्हा काका, "वाटाघाटींनी काय मिळालं" याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

आणि बॉम्बने काय मिळालं? यंत्रं मोडली, वीजपुरवठा तुटला, बोगद्यांची तोंडं बुजली. नुकसान मोठं झालं, ते नाकारत नाही. पण ते ४४० किलो? त्याचं वायुरूपात वापरायचं संयुग घट्ट अवस्थेत धरलं तर आकारमान दीडशे लिटरच्या आत बसतं. छतावरच्या दोनशे लिटरच्या पिंपातही ते मावेल. (कुणी तसं ठेवणार नाही, एवढं एकत्र ठेवणंच धोक्याचं. ते पाणबुड्यांच्या पाठीवरच्या टाक्यांसारख्या लहान सिलिंडरांत असतं.) १२ जूनपर्यंत त्या सिलिंडरांना निरीक्षकांची सीलं होती. जुलैत इराणने सहकार्य थांबवण्याचा कायदा केला, निरीक्षक देश सोडून गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत संस्था तो साठा कुठे आहे याची खातरजमा करू शकली नाही. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या मुलीने नमुना असलेली खोलीच पाडून "आता नमुन्याचा प्रश्न मिटला" असं सांगितलं तर मी काय म्हणेन? हिशेब मी इथेच थांबवते. मोजलेले आकडे इथवरच आहेत.

जे सर्वांत लागतं ते असं. एप्रिल-मे २०२५ मध्ये ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अल्-बुसैदी यांच्या मध्यस्थीने पाच फेऱ्या झाल्या होत्या. तीन मस्कतला, दोन रोमला. सहावी १५ जूनला, रविवारी, मस्कतला ठरली होती. हल्ला शुक्रवारी झाला.

आता दुसरी बाजू. ती टाळली तर आपण आपलीच फसवणूक करू. इराणने लपवालपवी केली आहे. नतांझ २००२ मध्ये बाहेरच्यांनी उघड केलं, फोर्दो २००९ मध्ये. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १२ जूनला, संस्थेच्या नियामक मंडळाने इराण आपली बंधनं पाळत नसल्याचा ठराव केला होता. उत्तर कोरियाशी १९९४ मध्ये केलेला समझोता २००२ मध्ये कोसळला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांनी स्फोट केला. आणि बॉम्बने काम झाल्याचंही एक उदाहरण आहे. सप्टेंबर २००७ मध्ये इस्रायलने सीरियातली अल्-किबारची भट्टी पाडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. त्या जागेवर पुढे आयसिसचा ताबा आला, हे आठवलं की माझ्याही अंगावर काटा येतो. पण सीरियात ती एकच भट्टी होती, परक्यांच्या मदतीने बांधलेली. मागे विद्यापीठं नव्हती, स्वतःची यंत्रं नव्हती.

जिथे शास्त्रज्ञ घरचे होते तिथे उलटं झालं. जून १९८१ मध्ये इराकची ओसिराक भट्टी पाडली. जग म्हणालं, सुटलो. सद्दामने काम गुप्त केलं आणि कितीतरी मोठं केलं. ते उघडकीस आलं १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा, आणि मोडून काढलं ते निरीक्षकांनी. २००३ मध्ये त्यांना काम पुरं करू न देता स्वारी केली. अण्वस्त्रं सापडली नाहीत, हे सांगायला नको.

घरच्या शास्त्रज्ञांचं आणखी एक उदाहरण आपल्याला दूर शोधावं लागत नाही. माझं बालपण बोईसरचं, तारापूरच्या वीजकेंद्राच्या शेजारचं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी करार होऊन ते केंद्र आलं, १९६९ मध्ये वीज सुरू झाली. मग १९७४ चा पोखरण. त्यातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं. ती भट्टी कॅनडाने दिलेली, जड पाणी अमेरिकेचं, आणि शांततेसाठीच वापरू असं आपण लिहून दिलेलं. आपण स्फोटालाच "शांततामय" म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही चिडले असते. तारापूरचं इंधन अडलं. १९८२ मध्ये फ्रान्सने वाट काढून दिली. त्या बंदीने ट्रॉम्बे थांबलं का? उलट जड पाण्याचे कारखाने आपण स्वतः उभे केले आणि एका पिढीला त्याचा अभिमान चढला.

१९९८ नंतरची बंदी तर मी स्वतः अनुभवली. एमएस्सीच्या वर्षी आमच्या उपकरणाचा निर्वात पंप बिघडला. परदेशी पुरवठादाराने सुटा भाग पाठवायला आठ महिने नकार दिला. आमचं काम विहिरीच्या पाण्याचं! शेवटी सरांनी पंप खोलून बेअरिंग स्वतः बसवलं, आणि त्या दिवशी सगळ्या वर्गाने पेढे खाल्ले. तेहरानच्या एखाद्या प्रयोगशाळेत असेच पेढे वाटले जात असतील. बंदी उठली २००१ मध्ये. त्याआधी जसवंत सिंग आणि स्ट्रोब टॅलबॉट दोन वर्षांत चौदा वेळा भेटले होते. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, इराणने केली आहे, हा फरक मोठा आहे. पण माणसं तीच असतात.

आणि एक कागद. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या करारावर सही केली. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा उभ्या होत्या, तरी १ जानेवारी २००२ ला यादी दिली. २०२५ च्या १ जानेवारीलाही दिली. पाकिस्तानवर कुणाचा विश्वास आहे म्हणून नव्हे. माझी आई अजून बोईसरला राहते. तिच्या झोपेची सोय त्या कागदाने केली आहे, आणि कराचीच्या वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या कुणाच्या तरी आईच्याही.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगून थांबते. पन्नास-साठच्या दशकात उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन शेकडो पट वाढला. विहिरीच्या पाण्यात तो सापडला तर ते पाणी त्या चाचण्यांच्या नंतरचं, असं आम्ही ओळखतो. उत्तर गोलार्धातल्या पावसाचा आलेख १९६३ ला शिखर गाठतो आणि मग घसरत जातो. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत उघड्या हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला, त्याचा हा परिणाम. सही करणारे एकमेकांचे वैरी होते, आदल्याच वर्षी क्यूबावरून जग बुडवायला निघाले होते. ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षं, त्यामुळे आता ती खूण इतकी फिकी झाली आहे की माझं मोजणीचं काम अवघड झालंय. तक्रार नाही.

काका, आता तुम्ही बोला. आणि पुढच्या वेळी विहिरींवर नक्की. ज्यांच्या बागेत विहीर आहे त्यांनी येताना अर्ध्या लिटरची बाटली भरून आणा. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवल्यावर भरायची, काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि वर तारीख लिहायची.