शिकागोचा कौल आणि वॉर्डातला कार्यकर्ता

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



शिकागो म्हटले की आपल्या मनासमोर ११ सप्टेंबर १८९३ चा दिवस उभा राहतो. सर्वधर्म परिषदेच्या व्यासपीठावर स्वामी विवेकानंद बोलायला उभे राहिले आणि पहिल्या संबोधनातच त्यांनी सभागृह जिंकले. ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्याच वर्षी, त्याच शहरात घडलेली दुसरी घटना मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. परिषद संपून महिना उलटतो न उलटतो तोच, २८ ऑक्टोबर रोजी, शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांची त्यांच्या राहत्या घरी गोळ्या झाडून हत्या झाली. निवडणुकीत आपण हॅरिसन यांचे काम केले, तेव्हा महापालिकेतील मोठे पद आपल्यालाच मिळायला हवे होते, अशी त्या मारेकऱ्याची समजूत होती. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने धर्मपरिषद भरली होती, त्याचा समारोप सोहळा रद्द करावा लागला.

त्या शहराचे पहिले रूप आपण वंदनीय मानतो. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या रूपाविषयी. २३ फेब्रुवारी २०२७ रोजी शिकागोत महापौरपदासाठी मतदान व्हायचे आहे. सुमारे सत्तावीस लाख वस्तीच्या, अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाच्या या शहराच्या निवडणुकीशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो मी क्रमाने मांडतो.

महापौर म्हणजे कोण?

आपल्या मुंबईत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो. प्रशासनाची सूत्रे मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतात. १८८८ च्या कायद्याने घालून दिलेली ही चौकट आहे. शिकागोत मतदार महापौराला थेट निवडतात. अंदाजपत्रक तोच मांडतो, खातेप्रमुख तोच नेमतो. पन्नास वॉर्डांतून पन्नास नगरसेवक निवडून येतात आणि महापौराचे प्रस्ताव त्यांच्यासमोर येतात. १९९९ पासून मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. पन्नास टक्क्यांहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. या वेळी ती वेळ आलीच, तर दुसरी फेरी ६ एप्रिलला होईल.

सत्ता अशी एका हाती आली की उत्तरदायित्वही एकाच माथी येते. १९७९ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड हिमवृष्टी झाली. रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहीत, गाड्या अडकल्या. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी महापौर मायकेल बिलँडिक यांना घरी बसवले आणि जेन बर्न यांच्या रूपाने शिकागोला पहिली महिला महापौर मिळाली. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण अनुभवला आहे. त्यानंतर आपण नेमके कोणाला जबाबदार धरले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

दारावरची थाप

शिकागोचे राजकारण दीर्घकाळ एका यंत्रणेच्या बळावर चालले. रिचर्ड जे. डेली १९५५ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौर होते. त्यांचे खरे सामर्थ्य भाषणांत नव्हते. गल्लीगल्लीत त्यांच्या पक्षाचा एक माणूस असे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा दिवा बंद आहे, कोणाच्या मुलाला नोकरी हवी आहे, हे त्याला ठाऊक असे आणि मतदानाच्या दिवशी तोच दार ठोठावी. या व्यवस्थेत संपर्क होता, पण त्यामागे निष्ठेच्या मोबदल्यात सरकारी नोकरी देण्याचा व्यवहारही होता. पुढे न्यायालयाला त्याला वेसण घालावी लागली. हॅरिसन यांच्या मारेकऱ्याच्या मनात जे विष होते, त्याचेच हे सौम्य आणि संघटित रूप म्हणावे लागेल. केलेल्या कामाची किंमत वसूल करायचीच, या भावनेतून समाजकारण सुरू झाले की त्याचा शेवट असाच होतो.

आता अलीकडचे पाहू. २०२३ च्या पहिल्या फेरीत जवळपास ३६ टक्केच मतदान झाले. नऊ उमेदवारांत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ब्रँडन जॉन्सन यांना सव्वा लाखाच्या आतच मते होती. नोंदणीकृत मतदार पंधरा लाखांहून अधिक. म्हणजे शंभर मतदारांमागे जेमतेम आठांच्या बळावर ते दुसऱ्या फेरीत पोहोचले आणि तेथे सुमारे ५२ टक्के मते मिळवून महापौर झाले. विद्यमान महापौर लोरी लाइटफूट पहिल्याच फेरीत बाद झाल्या. २०१९ मध्ये याच लाइटफूट पन्नासच्या पन्नास वॉर्डांत आघाडीवर होत्या!

जॉन्सन हे पूर्वाश्रमीचे शिक्षक आणि शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांची डावी विचारसरणी आपल्याला पटणारी नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे : त्यांच्यासाठी दारोदार फिरणारी माणसे होती. जे घरात बसले, त्यांनी आपला निर्णय या माणसांच्या हाती सोपवला.

निवडून आल्यावरची परीक्षा मात्र वेगळी असते. शिकागोच्या डोक्यावर निवृत्तिवेतनाच्या न भागवलेल्या दायित्वाचा अब्जावधी डॉलरचा डोंगर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महापौरांनी मालमत्ता करात तीस कोटी डॉलरची वाढ सुचवली, ती पन्नास विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली गेली. शाळांचे मंडळ दीर्घकाळ महापौरच नेमत असत. आता तेही टप्प्याटप्प्याने लोकनियुक्त होत आहे. कर, शाळा, सुरक्षा, निवृत्तिवेतन ही या निवडणुकीची खरी विषयपत्रिका आहे.

आपली माणसे कोठे आहेत?

शिकागोच्या डेव्हॉन मार्गावर भारतीय दुकानांची रांग आहे, शहरात महाराष्ट्र मंडळ आहे. मात्र आपली बरीच मंडळी नेपरव्हिल, शॉम्बर्गसारख्या उपनगरांत राहतात. ती स्वतंत्र गावे असल्याने तेथील रहिवाशांना शिकागोच्या महापौरासाठी मत देता येत नाही.

तरीही एक प्रसंग आवर्जून सांगतो. २०२० मध्ये सिॲटलच्या नगरपरिषदेने आपल्या नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध एकमताने ठराव केला. तसाच टीकेचा ठराव शिकागोतही आला. तेथील भारतीयांनी नगरसेवकांना गाठून आपली बाजू मांडली. अनेक नगरसेवकांनाही दूरच्या देशाच्या कायद्यावर निवाडा देणे प्रशस्त वाटले नाही. २४ मार्च २०२१ रोजी तो ठराव १८ विरुद्ध २६ मतांनी फेटाळला गेला. ठरावाच्या बाजूने उभे राहिलेल्यांतही भारतीय वंशाचे लोक होते, हेही ध्यानात ठेवावे. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट उमगली होती : नगरसेवकाचे दार उघडे असते, आत जाणारा माणूस हवा.

पण संकट आल्यावरच नगरसेवक आठवणे, ही संघटित समाजाची रीत नव्हे. भारताविषयी चांगले बोलतो म्हणून उमेदवार चांगला, एवढ्यावर मत ठरवणेही योग्य नव्हे. ज्या शहराचे अन्न खातो, त्या शहराच्या शाळा, रस्ते आणि कर यांची चिंता वर्षभर वाहणाऱ्याच्या शब्दालाच तेथे वजन येते.

आणि हे शिकागोलाच लागू आहे असे नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते. आपल्यापैकी किती जणांना त्याची बोच लागली? राष्ट्राच्या परमवैभवाची आकांक्षा बाळगणाऱ्याला आपल्या वॉर्डाचा क्रमांक ठाऊक नसावा, ही विसंगती आहे. हॅरिसन यांच्या मारेकऱ्यानेही स्वतःला कार्यकर्ताच म्हटले असते. त्याला मोबदला हवा होता. आपल्याला मोबदला न मागता दार ठोठावणारा कार्यकर्ता घडवायचा आहे. घरी जाताना आपल्या गल्लीतल्या अशा दोन घरांची नावे मनात धरा, जेथे आपण वर्षभरात एकदाही गेलो नाही. कामाची सुरुवात तेथून होते.