छातीत दुखतंय : पुढची तपासणी कधी, कोणती आणि कशासाठी?

(पुण्यात झालेल्या आरोग्यरक्षकांच्या वार्षिक प्रशिक्षण वर्गात आपल्या वैद्यकीय विभागातील हृदयरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण. अनेक कार्यकर्त्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



तुमच्यापैकी बरेच जण जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यातून आला आहात. काही जण थेट धडगाव-अक्कलकुव्याहून रात्रभर एसटीत बसून आला आहात. रुग्णाला घेऊन पुण्यात आलात की एक प्रश्न तुम्ही हमखास विचारता : "डॉक्टर, ईसीजी नॉर्मल आला, पण दुखणं थांबत नाही. आता अँजिओग्राफी करायची का?" आज याच प्रश्नावर बोलतो. या निर्णयात दोन्ही बाजूंनी घात होऊ शकतो. नको ती तपासणी केली तर घरातली शेळी, बैल, कधी पुढच्या हंगामाचं बियाणं विकावं लागतं. हवी ती टाळली तर घरातलं माणूस जातं.

आधी घाईची वेळ कोणती ते सांगतो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखतंय. ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय. दरदरून घाम सुटलाय, दम लागलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आणि पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबत नाही. अशा वेळी पुण्याचा विचार करायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या ज्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी निघतो तिथे पोचायचं. रुग्णाला चालवायचं नाही. फोनवरच्या डॉक्टरांना लक्षणं सांगून कोणती गोळी द्यायची ते विचारायचं. बाया, म्हातारी माणसं आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्यात कळ फारशी नसतेही. नुसता दम, मळमळ, एकदम आलेला थकवा एवढंच दिसतं. हेही लक्षात ठेवा, की पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धोका टळला असं होत नाही. रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. म्हणून दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनही काही तासांनी पुन्हा बघतात. तेवढा वेळ रुग्णालयात थांबायला नातेवाइकांना तयार करणं हे तुमचं काम आहे.

आता ज्यांचं हे सगळं ठीक आलं, पण दुखणं चालूच आहे, त्यांच्याकडे वळू. इथे सगळ्यात मोठी तपासणी फुकट असते. ती म्हणजे नीट विचारपूस. हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे होणाऱ्या दुखण्याच्या तीन खुणा असतात. छातीच्या मध्ये दडपण येतं, श्रम केले की येतं, आणि थांबलं की काही मिनिटांत जातं. तिन्ही जुळल्या तर संशय पक्का, एकच जुळली तर कमी. वय, तंबाखू-विडी, मधुमेह, रक्तदाब, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार होता का, हे त्यात मिळवायचं.

शहरातल्या माणसाला आम्ही ट्रेडमिलवर चालवतो. तुमचा रुग्ण तर रोज ट्रेडमिलवरच असतो. त्याला विचारा : लाकडाची मोळी घेऊन चढ चढताना थांबावं लागतं का? मागच्या पावसाळ्यात हाच चढ न थांबता चढत होतास का? दोन हंडे घेऊन आल्यावर दुखतं, की रात्री उपाशी झोपल्यावर दुखतं? बोटाने दाबलं की तिथेच दुखतं का? ही उत्तरं भिलोरीत, पावरीत, ठाकरीत मिळतात. पुण्याच्या ओपीडीत पाच मिनिटांत, अनोळखी डॉक्टरसमोर, तो माणूस फक्त "छातीत दुखतं" एवढंच म्हणतो. भगताकडे जाऊन आला असेल तर रागावू नका. किती दिवस झाले, काय दिलं, तेवढं शांतपणे विचारून घ्या.

आपल्या भागात छातीत दुखण्याची आणखी काही कारणं कायम डोक्यात ठेवायला हवीत. ओझ्याने धरलेला स्नायू, आम्लपित्त, न्यूमोनिया, क्षयरोगाने फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी, आणि रक्त फार कमी असणं. यातली बरीचशी छातीचा साधा एक्स-रे आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्यांत सापडतात.

त्याशिवाय दोन आजार वेगळे सांगतो. पहिला सिकलसेल. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा अनेक जमातींत तो आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, खोकला, छातीत दुखणं आणि धाप असं एकत्र आलं तर फुप्फुसातला रक्तप्रवाह अडकलेला असू शकतो. तीही तातडीचीच वेळ आहे, पण तिथे अँजिओग्राफीचा उपयोग नाही. प्राणवायू, प्रतिजैविकं आणि गरज पडली तर रक्त लागतं. गंमत बघा, शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्यांनीच १९१२ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो हे मांडलं. आपल्यालाही छातीत दुखणारा आदिवासी तरुण आला की हे दोन्ही आजार आठवले पाहिजेत. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून पाड्यापाड्यांत तपासणी होते आहे. रुग्णाचं सिकलसेल कार्ड असेल तर ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

दुसरा आजार म्हणजे लहानपणी घसा सुजून, मग सांधे धरून, शेवटी हृदयाच्या झडपेवर बसणारा संधिवाताचा ताप. विशी-तिशीतली बाई, दम लागतो, गरोदरपणात त्रास वाढला. अशा वेळी पहिली तपासणी टूडी इको. झडप खराब निघाली तर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन न चुकता देणं, हे तुमच्या हातातलं काम आहे.

आता मोठ्या तपासण्या. प्रत्येक तपासणी एका प्रश्नाचं उत्तर देते. इको हृदयाचे स्नायू आणि झडपा दाखवतो. ट्रेडमिल टेस्ट श्रमाने रक्त कमी पडतं का ते सांगते. पण तरुण बायांमध्ये ती बरेचदा खोटा इशारा देते. सीटी अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांतला अडथळा दाखवते. त्यात क्ष-किरण असतात, औषध टोचावं लागतं आणि आधी मूत्रपिंडं तपासावी लागतात. नेहमीच्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात. तिचा धोका थोडा, पण खरा असतो. संशय फारच कमी असताना तपासणी केली, की एक खोटा इशारा दुसऱ्या तपासणीकडे ओढतो, दुसरी तिसरीकडे.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा. या तपासणीतून नक्की काय कळेल? दोष निघाला तर उपचारात काय बदलेल? आणि ही तपासणी महिनाभर थांबली तर काय धोका आहे? दोष निघो वा न निघो, औषध तेच राहणार असेल, तर घाई कशाला? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते. दुखणं स्थिर होतं, पण श्रमाने हृदयाला रक्त कमी पडतं हे सिद्ध झालेलं होतं, असे हे रुग्ण. त्यांच्यात लगेच अँजिओग्राफी करून पुढे फुगा-स्टेंट किंवा बायपास केलेल्यांमध्ये, आधी औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा मृत्यू किंवा झटके कमी झाले, असं दिसलं नाही. वारंवार छातीत दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त पडला. ही गोष्ट स्थिर दुखण्याची आहे. चढता त्रास, बसल्याजागी येणारी कळ, हृदयाची ताकद कमी झालेली असेल, तर थांबायचं नाही, आणि पैशापायी तर मुळीच थांबायचं नाही.

पैशाचं सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. म्हणून तपासणीच्या आधीच आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, काय बसतं ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. ससून आहेच. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

एक बारीक गोष्ट. ईसीजीचा कागद उन्हाने, उष्णतेने पुसट होतो. निघाल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स करा, त्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि तेव्हा दुखत होतं की नव्हतं तेही लिहा. सहा महिन्यांपूर्वीचा ईसीजी हाती असला, की नवा बदल लगेच ओळखता येतो. तेवढ्यानेच कित्येकदा पुढची तपासणी वाचते, किंवा ती तातडीची आहे हे कळतं.

शेवटचं. तपासण्या नॉर्मल आल्या की आम्ही डॉक्टर म्हणतो, "काही नाही, घरी जा." त्या माणसाला वाटतं, मी खोटं बोललो असं यांना वाटतंय. त्याचं दुखणं खरं असतं. त्याला त्याच्या भाषेत सांगा : हृदय आज ठीक दिसतंय, हे औषध इतके दिवस घ्यायचं, अमुक दिवशी मी घरी येऊन बघणार आहे, आणि श्रमाने कळ वाढली, घाम आला, चक्कर आली, तर रात्री-अपरात्री मला उठवायचं. हे चार मुद्दे एका चिठ्ठीवर लिहून तिची एक प्रत तुमच्या वहीत ठेवा. पुढच्या वर्गाला येताना ती वही घेऊन या. आपण एकेक रुग्ण मिळून पाहू.