नदी गोड, मग समुद्र खारा का?

(स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी महासागरांचा पाठ शिकवीत होतो. 'समुद्राच्या पाण्याची सरासरी क्षारता दर हजारी ३५ असते' हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, प्रकाशा येथे आपल्या तापीचे पाणी गोड आहे. तीच पुढे समुद्राला मिळते. मग समुद्र खारा कसा?" तास संपत आला होता, पाठ उरला होता. "परीक्षेत एवढेच येते, तेवढे पाठ कर," असे म्हणून मी त्याला खाली बसविले. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे राहिलेले उत्तर आज मी आपणांसमोर देणार आहे.

तापीचे पाणी आपण गोड म्हणतो, पण ते अगदी क्षारविरहित नाही. घरी पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर जमतो, तो आपण पाहिला असेल. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा थर होय. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी सातपुड्याच्या खडकांवरून वाहताना त्यांतील क्षार थोडे थोडे विरघळवून नेते. तापी आणि नर्मदा हे क्षार खंबातच्या आखातात नेऊन टाकतात. तेथे सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती ढग बनून पुन्हा आपल्याकडे येते. क्षार मात्र समुद्रातच राहतात. कोट्यवधी वर्षे हा व्यवहार चालू आहे. याशिवाय ज्वालामुखींतून बाहेर पडलेले क्लोरीनही समुद्रात मिसळले आहे. शिंपल्यांसारखे जीव आपल्या कवचासाठी चुना वापरतात व काही क्षार तळाशी बसतात, म्हणून हा खारेपणा अमर्याद वाढत जात नाही.

दर हजारी ३५ म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, सुमारे सहा-सात चहाचे चमचे. त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक आपले नेहमीचे मीठच असते. असे पाणी प्यायले तर ते मीठ बाहेर टाकण्यासाठी आपल्या मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावे लागते. म्हणूनच समुद्रात अडकलेला माणूस तहानेने व्याकूळ होतो.

आता, हा खारेपणा सगळीकडे सारखा का नसतो? चुलीवरचा रस्सा जास्त आटला तर खारट होतो व पाणी घातले तर अळणी होतो. समुद्राचेही तसेच आहे. बाष्पीभवन जास्त तेथे क्षारता जास्त. पाऊस, नद्या व वितळणारे बर्फ जास्त तेथे क्षारता कमी.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील वडीलधारी मंडळी पूर्वी मुंबईहून जहाजाने हजला गेली असतील. ही जहाजे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालत होती. मुंबई सोडल्यावर अरबी समुद्रात क्षारता सुमारे ३६ असते. बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी ओलांडून जहाज तांबड्या समुद्रात शिरले की ती वाढत जाते व उत्तरेकडे ४० च्या आसपास पोहोचते. तेथे पाऊस अत्यल्प, ऊन कडक आणि बारमाही नदी एकही नाही.

याउलट आपल्या पूर्वेचा बंगालचा उपसागर पाहा. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी आपली गोदावरी, या सर्व त्यालाच मिळतात. म्हणून त्याच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर क्षारता ३० किंवा त्याहूनही कमी होते. युरोपातील बाल्टिक समुद्राच्या बऱ्याच भागात तर ती १० पेक्षाही कमी आहे.

एक नवल सांगतो. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातील ७७ नमुने तपासले. क्षारांचे एकूण प्रमाण कमी-अधिक होते, पण मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ तेच होते. सगळे समुद्र एकमेकांत मिसळतात, याचा हा पुरावा होय.

आपण समुद्रापासून दूर राहतो, मग याचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी म्हणेल. खारे पाणी जड असते, गोडे हलके. बंगालच्या उपसागरात नद्यांचे हलके पाणी वर थर करून राहते, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही व लवकर तापते. अशा उबदार समुद्रावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकत आपल्या भागापर्यंत पाऊस आणतात. तसेच नदीचे पाणी वर अडले व खाली कमी सोडले, तर भरतीचे खारे पाणी मुखातून आत शिरते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या मुखाकडे, भरूच परिसरात, मच्छीमार व शेतकऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे. म्हणजे आपली पेरणी आणि समुद्राचे मीठ यांचे नाते आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यात अंडे सोडा, ते बुडेल. मग चमच्याने मीठ घालून ढवळत जा. एका क्षणी अंडे वर येईल. पाणी जड झाले, हे आपल्या डोळ्यांनी दिसेल.

आणि पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी "अब्बा, असे का?" म्हणून विचारील, तेव्हा माझ्यासारखे खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर "चल, दोघे मिळून शोधू" एवढेच म्हणा. पाठ केलेला ३५ हा आकडा परीक्षेनंतर विसरला जातो. स्वतः विचारलेला प्रश्न जन्मभर सोबत राहतो.