आजीला वर्गात आणा



ज्यू संगीत मुलांना शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजातली नसलेल्या बाईला देऊन संयोजकांनी धाडसच केले आहे. माझा जन्म शाळेत पेटी वाजवण्यात गेला. म्हणून धर्मावर न बोलता शिकवण्यावर बोलते.

परिषद नवी मुंबईत भरली, हे मला योग्य वाटते. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. या भागाला आपण नवे म्हणतो, पण इथली शब्बाथची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, गाणी जुनी आहेत.

ही गाणी शिकवायला शिबिर म्हटले की आपल्याकडे काय होते? बाहेरून तज्ज्ञ येतात, आठ-दहा हिब्रू गाणी बसवून घेतात, पेन ड्राइव्हवर ट्रॅक देतात आणि निरोप घेतात. पुढच्या रविवारी मुले त्या ट्रॅकवर झकास गातात. घरी मात्र ते गाणे पुढे सरकत नाही, कारण आईबापांना त्याची चालच ठाऊक नसते. असल्या शिबिरांबद्दल मला फारसे प्रेम नाही.

शिकवण्याची रीत या समाजाच्या हाताशीच आहे. १८८० साली मुंबईतल्या बेने इस्रायल मंडळींनी हरिदासांचा बाज उचलून स्वतःची मराठी कीर्तने सुरू केली. डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले पुढारी. शास्त्रातल्या कथा साकी, दिंडी, ओवीत बसल्या. लहानथोर एकाच सतरंजीवर बसून ऐकत, धृपद सगळे मिळून म्हणत. पुढे बहुतेक समाज इस्रायलला गेला, तरी तिथल्या बायकांनी मराठी कीर्तनाची गाणी जपली. अमेरिकन अभ्यासक ॲना शुल्झ यांनी त्यांवर संशोधन केले आहे. आपल्या शिबिरात मात्र साकी कशी म्हणायची, हे कोणी शिकवत नाही!

समजा, योसेफाचे आख्यान लावले. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले, इथवर साकी म्हणायची आणि थांबायचे. मुलांना विचारायचे, “आता हे बापाला काय सांगणार?” उत्तरे येऊ द्यायची, ती भन्नाट असतात. मग झांज उचलून धृपद घ्यायचे, मागच्या रांगेतल्या आजोबांसकट. शिक्षकाला केव्हा थांबावे हे कळले पाहिजे, आणि ते ट्रॅकवरून कळत नाही.

पेसाह सणाच्या जेवणाचेच पाहा ना. घरातले सर्वांत धाकटे मूल ‘मा निश्ताना’चे प्रश्न गाऊन विचारते आणि मोठ्यांना उत्तर द्यावे लागते. ते मुलाला कळावे म्हणून मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह हगादा, म्हणजे त्या जेवणाची पोथी, छापली गेली. गाणे हिब्रूत आणि समज मराठीत, ही सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. आपण मुलांना नुसते उच्चार घोकायला लावतो.

आता आम्हा पेटीवाल्यांची अडचण. शब्बाथला वाद्य चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागताचे ‘लेखा दोदी’ नुसत्या गळ्यावर उभे राहायला हवे. पट्टी कोणी द्यायची? मुलांना झेपेल असा षड्ज शिक्षकाने मनात धरून यायला हवे. म्हणून शिबिराचा निम्मा वेळ पेटी, कीबोर्ड कपाटात ठेवा. सुरुवातीला बेसूर होईल, होऊ द्या.

आणि मलिदा, हा आभाराचा विधी. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, फळे. भोवती सगळे घर, आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे प्रेषित एलियाहूचे, गाणे. ते गाणे जगभरचे ज्यू गातात, पण पोह्यांच्या ताटाभोवती गाताना लागणारी आपल्या आज्यांची लय, मधली ओढ, शेवटची हेलकावणारी ओळ कोणत्या स्वरलिपीत आहे? माझ्या पाहण्यात तरी नाही. या आज्या आता थकल्या आहेत.

म्हणून संयोजकांना विनंती अशी : पुढच्या शिबिराच्या अर्जात शिक्षकाच्या नावाखाली आणखी एक रकाना छापा, ‘सोबत येणारे घरचे ज्येष्ठ’. तो रिकामा असेल तर अर्ज परत पाठवा. तज्ज्ञाला जरूर बोलवा, पण पहिला दिवस ज्येष्ठांचा. त्या दिवशी आपण ध्वनिमुद्रण करू, स्वरलिपी लिहू, पाठ करू. स्वरलिपीचे काम मी माझ्याकडे घेते.