साथीचे दिवस आणि कामावरील खाडे

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी गाठीच्या तापाचे निदान प्लेग असे केले. पुढील काही महिन्यांत शहरातील जवळजवळ निम्मे लोक गावी निघून गेले. गिरण्यांची खाती ओस पडली.

कामगार पळाले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते का गेले, हे पाहणे अगत्याचे आहे. चाळीतील एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्यांना रोगाचे भय होते. त्याहून अधिक भय सक्तीच्या तपासणीचे आणि घरच्या माणसाला इस्पितळात नेले जाण्याचे होते. शिवाय मजुरी महिन्याने होई आणि तीही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर हाती पडे. ही अडकून राहिलेली मजुरी म्हणजे कामगाराला बांधून ठेवणारे दावे होते. जिवावर बेतताच ते दावे तुटले. मागे राहिलेल्या कामगारांनी रोजची मजुरी रोज मागितली. रस्त्यांच्या नाक्यांवर गिरण्यांची माणसे कामगारांसाठी चढाओढीने बोली करू लागली. वेळेवर दाम न देणाऱ्या मालकाला धाकाने माणूस टिकवता येत नाही, हा धडा त्या वर्षाने दिला.

सव्वाशे वर्षांनी, २०२० साली, करोनाच्या साथीत तोच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मार्चच्या अखेरीस मुंबईच्या लोकलगाड्या सामान्य प्रवाशांना बंद झाल्या. ज्याला कामावर यायचे होते, त्यालाही येता येईना. अशा दिवसांत हजेरीपटावरचा प्रत्येक खाडा सारखाच दिसतो. परंतु त्यामागील कारणे निराळी असतात. एक जण स्वतः आजारी असतो, दुसरा घरातील रुग्णाची शुश्रूषा करीत असतो, तिसऱ्याला वाहन मिळत नाही आणि चौथा केवळ भ्यालेला असतो. चौघांनाही एकच नोटीस धाडणारा व्यवस्थापक चौघांवरही अन्यायच करतो. आजाऱ्याला भरपगारी रजा हवी, शुश्रूषा करणाऱ्याला कामाच्या वेळेत सवलत हवी, अडकलेल्याला वाहन हवे आणि भ्यालेल्याला खरी माहिती व मोकळी हवा असलेली कामाची जागा हवी.

साथ येण्यापूर्वीच करून ठेवण्याची कामेही आहेत. कोणते काम एक दिवसही थांबू शकत नाही, ह्याची यादी करावी. अशा प्रत्येक कामात निदान तीन माणसे तयार करावीत. भांडाराची किल्ली आणि हिशेबाची रीत एकाच्याच ठायी राहू नये. माणसांच्या तुकड्या पाडून त्यांच्या पाळ्यांचा एकमेकींशी संपर्क टाळावा, म्हणजे एक तुकडी आजारी पडली तरी दुसरी उभी राहते. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टरांच्या दाखल्याचा आग्रह धरू नये. साथीत दवाखान्यात गर्दी वाढविणे हिताचे नसते.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे खाडा न केल्याबद्दलचे बक्षीस आणि खाड्याबद्दलची पगारकाट. त्यामुळे ताप अंगावर काढून माणूस कामावर येतो. एक दिवसाची मजुरी वाचविण्यासाठी आलेला तो एकटा साऱ्या खात्याला अंथरुणाला खिळवू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमेदार कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण कंत्राटी झाडूवाला, रोजंदारीचा हमाल किंवा बदली कामगार पुष्कळदा ह्या छत्राबाहेरच राहतो. आणि रोगाला तर कायमचा नोकर व रोजंदारीचा मजूर हा भेद ठाऊक नसतो.

म्हणून साथीच्या दिवसांत व्यवस्थापकाने आज किती जण आले, एवढेच मोजून भागत नाही. जो आला नाही, त्याच्या घरी चूल पेटली की नाही, ह्याची चौकशी प्रथम व्हावी. ज्याची अशी चौकशी झाली, तो बरा होताच आपण होऊन कामावर परत येतो.