सर्व्हर डाऊन नव्हता: कॉम्प्युटरचा ताप आणि स्क्रीनवरचे तीन आकडे

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे मी स्क्रीनकडे बघून आकडे वाचत होतो, तिथे इथे थोडं सविस्तर लिहिलंय. बाकी बोलणं जसंच्या तसं आहे, त्यामुळे भाषा थोडी सैल वाटेल, चालवून घ्या.

आजचा विषय कॉम्प्युटरच्या आतलं तापमान. ते कसं मोजतात, स्क्रीनवर कसं दाखवायचं, आणि मुख्य म्हणजे त्यातले नेमके कोणते आकडे बघायचे. या विषयावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. पण ते बनवणारे लोक २२-२४ अंशांच्या एसी खोलीत बसलेले असतात. आपण वाशिम जिल्ह्यात राहतो. अकोलेकरांपेक्षा थोडे उंचावर आहोत हे खरं, पण मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातोच. आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण प्रोसेसरवर बसवलेला पंखा आणि त्याखालचे ॲल्युमिनियमचे पाते काही थंडी तयार करत नाहीत. ते फक्त आतली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. त्यामुळे एकच काम, एकच मशीन असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठराविक अंशांनी जास्त गरम राहतो. व्हिडिओवाल्याच्या २४ अंशांच्या खोलीत ७० दिसत असेल, तर फरक ४६ चा. तेच मशीन ४० च्या खोलीत ठेवलं की ८६ धरायचं. मशीन बिघडलेलं नाही, हवा गरम आहे. म्हणून कोणीही मला 'माझा प्रोसेसर ८० वर आहे, ठीक आहे का?' असं विचारलं, की मी आधी विचारतो, खोली किती अंशांवर आहे?

आता खरी गोष्ट सांगतो.

माझ्या मामांचं मालेगाव तालुक्यात, म्हणजे आपल्या वाशिमच्या मालेगावात, ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच मॉडेलचे, दहाव्या पिढीचा आय-थ्री. दहावी-बारावीचे निकाल लागले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेयर, आणि सगळ्यांना ॲडमिशनच्या तारखेच्या आत हवं. या धांदलीत दुपारी बारानंतर एक मशीन रांगायला लागायचं. कागद स्कॅन करून पीडीएफ लहान करायला घेतली की माऊस अडकतो, पान उघडत नाही, तेवढ्यात लॉगिनची मुदत संपते, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून. रांगेतले लोक वैतागतात आणि मामा सांगतात, "सर्व्हर डाऊन आहे."

मी वर्क फ्रॉम होम करत वाशिमला असतो, म्हणून मला फोन आला. तोवर एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगून नवीन मशीन घ्यायला सुचवलं होतं, आणि मामा पतसंस्थेतून पस्तीस हजार उचलायच्या तयारीत होते. मी म्हटलं, मामा, थांबा दोन दिवस. ते म्हणाले, "अरे सर्व्हरच डाऊन हाये, तू काय करशीन?" पण बाजूचं मशीन त्याच वायफायवर, त्याच वेबसाइटवर व्यवस्थित चालत होतं. सर्व्हर डाऊन असता तर दोन्ही अडकले असते.

मी दोन्ही मशीनवर लिब्रे हार्डवेअर मॉनिटर टाकलं. हा जुन्या ओपन हार्डवेअर मॉनिटरवरून पुढे नेलेला मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. एचडब्ल्यूइन्फो जास्त तपशील दाखवतो, माझं स्वतःचं आवडतं तेच, पण त्याची फुकट आवृत्ती धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही. सेवा केंद्र हा धंदा आहे, म्हणून लिब्रे.

उघडल्यावर आकड्यांचं जंगल दिसतं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तर पंचांग झालं." खरंच आहे ते. शिवाय त्यातले काही आकडे चक्क निरर्थक असतात. मदरबोर्डवर पंखे आणि व्होल्टेज बघणारी एक छोटी चिप असते, बहुतेक नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. तिच्या काही पायांना सेन्सर जोडलेलाच नसतो, तरी ती काहीतरी आकडा देते. कुठे १२७ अंश, कुठे उणे काहीतरी. असा आकडा बघून घाबरू नका, जो काम वाढलं-कमी झालं तरी हलत नाही तो लपवून टाका. उलटंही तपासा. खोली ४० वर असताना पंख्यावर चालणारा प्रोसेसर ३० दाखवत असेल तर ते शक्यच नाही, भोवतालच्या हवेपेक्षा थंड तो होणार कसा?

याचं कारण मजेशीर आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर तुमच्या-आमच्या थर्मामीटरसारखा शून्यापासून मोजत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. त्या मर्यादेला टीजे-मॅक्स म्हणतात, मामांच्या आय-थ्रीत ती १०० अंश. सेन्सर म्हणतो '३०', प्रोग्राम १०० मधून ३० वजा करून तुम्हाला ७० दाखवतो. मर्यादेच्या जवळ हा सेन्सर चांगला अचूक असतो, खाली थंडीत तितका नाही. एएमडीचीही अशीच एक भानगड होती. रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्यापेक्षा २० अंश जास्तच कळवायचे, कारण कंपनीला सगळ्या मॉडेलचे पंखे एकाच हिशोबाने फिरवायचे होते. ज्या प्रोग्रामला हे माहीत नव्हतं, तो लोकांना उगाच घाबरवायचा.

तर मी काय केलं, तापमान दाखवायच्या ऐवजी 'टीजे-मॅक्सपासूनचं अंतर' हाच सेन्सर निवडला. राइट क्लिक करून त्याला गॅजेटमध्ये टाकला, आणि त्याचं नाव बदलून ठेवलं 'शिल्लक'. त्याखाली पंख्याचे फेरे, त्याखाली प्रोसेसरचा वेग. बस, तीनच ओळी, स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, फॉर्मच्या बटनांवर येणार नाहीत अशा. मामांना ते लगेच पटलं. "म्हणजे बॅलन्स सरला का मशीन झोपते." अगदी तेच. शिल्लक शून्यावर आली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. बंद पडणं हे फार पुढचं, अगदी नाइलाजाचं पाऊल. त्याआधी तो बराच वेळ रांगत काम करतो, आणि रांगणारं मशीन बाहेरून हुबेहूब मंद इंटरनेटसारखं दिसतं.

दोन दिवस नोंद चालू ठेवली. सकाळी खोली २८ वर असताना रिकामं मशीन ४८ च्या आसपास. पीडीएफचं काम दिलं की दोन-तीन सेकंदांत थेट ८८. काम थांबलं की तितक्याच झपाट्याने खाली. बाजूचं मशीन तेच काम करताना सावकाश, काही मिनिटं घेत ६४ पर्यंत चढायचं. दुपारी लाईन गेली की खोलीतला कूलर बंद, मशीन आणि छताचा पंखा इन्व्हर्टरवर. खोली ३८ वर. आता वरचाच हिशोब लावा, २८ ला ८८ होते, ३८ ला ९८ होणार. शिल्लक दोन, एक, शून्य, आणि वेग कोसळला. सकाळी मशीन ठीक आणि दुपारी खराब का, याचं उत्तर एवढंच.

पण बाजूच्या मशीनपेक्षा हे २४ अंश जास्त का? इथे आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बोलतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. तापमान हळूहळू चढत जाऊन वर टिकून राहत असेल, तर बहुधा हवा अडलीये. धूळ, कुटाराचा भुसा, पंखा मंद, किंवा सीपीयू भिंतीला चिकटून ठेवलेला. आणि काम देताच उडी मारून वर, थांबताच उडी मारून खाली असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून वरच्या धातूपर्यंत पोहोचतच नाहीये. मामांचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता. मशीन ९८ दाखवत असताना बाजूचं झाकण काढून मी पात्यांच्या कडेला बोट लावलं, तर ते नुसते कोमट. (फिरत्या पंख्यात बोट घालू नका, कडेलाच लावा.)

बंद करून उघडलं. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक सुटून वर आली होती. दिवाळीत काउंटर हलवला होता, तेव्हा सुटली असावी. खालची पेस्ट वाळून तडकलेली. जुनी पुसून नवी लावली, पिना समोरासमोरच्या कोपऱ्यात जोडीने दाबल्या, चारही वेळा 'खट्' आवाज ऐकला आणि बोर्डाच्या मागून बघून खात्री केली. पेस्टला अडीचशे रुपये लागले. त्या दुपारी खोली ३८ वरच होती, शिल्लक कमीत कमी २४ राहिली. पतसंस्थेचा अर्ज मामांनी भरला नाही.

थोडं कूलरबद्दल, म्हणजे खोलीतल्या. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरोघरी. त्याने खोली थंड होते, मशीनलाही फायदा होतो. पण त्याचा झोत थेट सीपीयूच्या तोंडावर सोडू नका. दमट हवेत धूळ पात्यांवर चिखलासारखी बसते, आणि बोअरचं पाणी जड असेल तर तुषारांबरोबर क्षारही येतात. सोयाबीनच्या मळणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एकदा झाकण उघडून साफ केलं तर उन्हाळा सोपा जातो.

मोठ्या मशीनचं दुखणंही हेच बरं का. सुपरकॉम्प्युटरवाले डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, कारंज्यापासून फार लांब नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. आज पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, त्यात थेट प्रोसेसरजवळ द्रव फिरवून उष्णता काढून नेतात. पिन आणि पेस्टच्या जागी नळ्या, पण प्रश्न तोच.

आता ज्यांना स्क्रीन सजवायची हौस आहे त्यांच्यासाठी पटकन. रेनमीटरमध्ये मराठी लेबल लिहायचं असेल तर फाइल यूटीएफ-१६ एलई म्हणून सेव्ह करा, नाहीतर 'शिल्लक'च्या जागी भलतीच चिन्हं येतात. अर्धा दिवस डोकं खाजवण्यापेक्षा हे आधी बघा. लिनक्सवर कॉंकी वापरणाऱ्यांनी सेन्सरचा क्रमांक ठोकून लिहू नये. एचडब्ल्यूमॉन शून्य, एक, दोन हे क्रमांक रीस्टार्टनंतर बदलू शकतात, मग प्रोसेसरच्या जागी डिस्कचं तापमान दिसतं. सेन्सर नावाने शोधा, 'कोरटेम्प' वगैरे. आणि तिथला आकडा हजारपट असतो, ६५००० म्हणजे ६५ अंश. गेम खेळणाऱ्यांना आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर माहीत असतंच, त्यावर वेगळा भाग करू.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. सेन्सर वाचायला या प्रोग्रामना विंडोजच्या अगदी आतल्या थरात शिरावं लागतं. बऱ्याच प्रोग्रामनी त्यासाठी विनरिंगझिरो नावाचा जुना ड्रायव्हर वर्षानुवर्षं वापरला, आणि त्यात सुरक्षेचं भोक आहे. २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर त्याला अडवायला लागला, तेव्हा काही व्हिडिओवाले 'डिफेंडर बंद करा' असं सांगू लागले. करू नका. ज्या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार आणि बँकेचे कागद चढतात, तिथे तर अजिबात नाही. प्रोग्राम मूळ जागेवरूनच घ्या, ताजी आवृत्ती घ्या. पॉन-आयओ नावाच्या नव्या ड्रायव्हरकडे यातले प्रकल्प वळू लागले आहेत. तरीही डिफेंडर ओरडला तर प्रोग्राम काढून टाका. तापमान कळलं नाही तरी झाकण उघडून धूळ काढता येतेच.

तुमच्या मशीनचे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवताना तीन गोष्टी लिहा: खोलीचं तापमान, काम चालू असतानाचा आकडा, आणि तिथवर पोहोचायला लागलेला वेळ. नुसता स्क्रीनशॉट पाठवलात तर मी आधी खोलीचंच विचारणार आहे.