भाकर संपल्यावर जे उरले



बुलढाणा जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या अशा संमेलनात अध्यक्षाने आभार मानावेत, मंडळीचे कौतुक करावे आणि जेवणाची वेळ झाली म्हणून आटोपते घ्यावे, अशी आपल्याकडची रीत आहे. आभार मनापासून मानतो. कौतुक मात्र आज राखून ठेवतो, कारण मला भांडायचे आहे, आणि तेही घरच्यांशी. आपल्या माणसांच्या तोंडी सध्या एक तक्रार आहे: उपासनेत आत्म्याला काही मिळत नाही. पाळकाचा उपदेश कोरडा, गाणी जुनी, मंडळीत भांडणे. म्हणून कोणी जिथे मोठी सभा असेल तिथे जातो, कोणी मोबाइलवर परगावचा प्रवचनकार ऐकतो, आणि कोणी नाताळ व उत्तम शुक्रवार एवढ्यावर भागवतो. या तक्रारीच्या पोटात एक गृहीत आहे. आधी माझा आत्मा तृप्त करा, मग मी निष्ठा देईन. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. ख्रिस्ती विश्वासात टिकणारे पोषण निष्ठेच्या मागून येते, कधी कधी फार मागून येते, आणि जो आधी पोट भरण्याची अट घालतो त्याला ते सहसा मिळतच नाही.

हे माझ्या पदरचे नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घ्या. पाच भाकरी, दोन मासळ्या, पाच हजार पुरुष आणि उरलेल्या बारा टोपल्या. शब्बाथशाळेत आपण मुलांना इथपर्यंत सांगतो आणि चित्र रंगवायला देतो. अध्याय मात्र पुढे चालूच राहतो. दुसऱ्या दिवशी तोच जमाव होड्यांत बसून कफर्णहूमला येतो, आणि काल जेवलात म्हणून आज मला शोधता आहात, असे येशू त्यांना तोंडावर सांगतो. पुढे तो स्वतःलाच भाकर म्हणवतो. ऐकणाऱ्यांना ते बोलणे जड जाते, आणि नुसता जमावच नव्हे तर शिष्यांपैकीही पुष्कळजण पाठ फिरवतात. येशू कोणाला अडवत नाही. गर्दी परत यावी म्हणून दुसरा चमत्कार करून दाखवत नाही. आजच्या आपल्या कॉन्व्हेन्शनच्या आयोजकांना हे परवडले नसते. तो बारा जणांकडे वळून तुम्हालाही जायचे आहे का, एवढेच विचारतो. पेत्र आम्ही तृप्त आहोत असे म्हणत नाही. जायचे तर कोणाकडे, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. आणि पुढे तो आधी विश्वास ठेवल्याचे आणि मग ओळखल्याचे बोलतो, याच क्रमाने. भाकर संपल्यावर जे उरले त्यांची मंडळी झाली. पाच हजारांची झाली नाही.

यावर म्हटले जाईल की ही प्रेषितांची गोष्ट, सामान्य माणसाचे काय? मग आपल्याच मराठी मातीतला दाखला घेऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे झाला. संस्कृताची पंडिता, तरुण विधवा, पदरात लहान मुलगी, आणि मायदेशी या निर्णयापायी उठलेले वादळ. एवढी किंमत मोजल्यावर तरी आत्म्याला शांती मिळायला हवी होती. मिळाली नाही. जवळजवळ आठ वर्षे आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत दिली आहे. पण ही आठ कोरडी वर्षे त्यांनी काय केले? अमेरिकेत फिरून हिंदी विधवांसाठी पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, टीका सोसली आणि शास्त्र वाचत राहिल्या. आजच्या आपल्या हिशेबाने त्या १८८५ सालीच दुसरे चर्च शोधायला निघाल्या असत्या. पोषण आले ते त्यानंतर, आणि असे आले की १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना घेऊन येण्याचे, केडगावला मुक्तिसदन उभारण्याचे आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे बळ त्यातून निघाले. १९२२ साली त्या वारल्या, तेव्हा ते भाषांतर पुरे होऊन छपाईच्या वाटेवर होते.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो मी टाळणार नाही. निष्ठा, निष्ठा असे म्हणत माणसांना गप्प बसवता येते. हिशेब न देणारा पाळक, मंडळीच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेली कमिटी, पिढीजात वडीलपण मिरवणारी दोन-चार घराणी, या सगळ्यांना 'सोडून जाऊ नका' हा उपदेश फार आवडेल. त्यांना मी तो सुखासुखी लाभू देणार नाही. रमाबाईंनी वॉन्टेजच्या ज्या धर्मभगिनींच्या मठात आसरा घेतला, त्यांच्याशीच पत्रांतून त्या मतांवरून भांडत राहिल्या. मंडळीचा अधिकार म्हणून सांगितलेली गोष्ट बुद्धीला पटल्याखेरीज त्यांनी मानली नाही, आणि तरीही ख्रिस्ताला सोडले नाही. निष्ठा ख्रिस्ताशी असते आणि त्याच्या नावाने शेजारी बसलेल्या माणसाशी असते, खुर्चीशी नसते. म्हणून हिशेब मागा, निवडणूक मागा, जमिनीचे कागद मागा. राहणाऱ्यालाच हे मागता येते. जो रागावून दुसऱ्या मंडपात जाऊन बसतो त्याने त्या खुर्चीला आयती मोकळीक दिली.

आता बाहेरच्यांकडे वळतो, कारण तेही याच प्रश्नावर आपल्याला गाठतात. तुम्ही भाकरीसाठी बाटलात, असे ते म्हणतात. वऱ्हाडाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८८७ साली अमेरिकेत ए. बी. सिम्पसन यांच्या पुढाकाराने जी चळवळ उभी राहिली तिचे, म्हणजे आपल्या अलायन्स मिशनचे, काम अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या भागात रुजले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मिशनने अनाथ पोरे सांभाळली. याच मिशनच्या श्रीमती फुलर यांनी १९०० साली हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे; म्हणजे केडगाव आणि वऱ्हाड तेव्हापासून एकमेकांना ओळखत होते. पुढे १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तेव्हा बुलढाणा मध्य प्रदेशातच होता, म्हणून ती चौकशी आपलीही होती. १९५६ च्या अहवालात समितीने प्रलोभनाने धर्मांतरे होतात असा ठपका ठेवला आणि धर्मांतराच्या कामातल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली.

भुकेल्याला भाकर दिली गेली, हे खरे. ती घेणाऱ्यांपैकी काहींनी भाकरीसाठीच नाव लावले असेल, हेही मी नाकारत नाही. कफर्णहूमचा जमावही त्याचसाठी आला होता. माझा प्रश्न भाकर संपल्यानंतरचा आहे. गोरे साहेब गेले, पैसा आटला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्याचा पणजोबा गावकुसाबाहेर राहत होता त्याने उघडपणे ख्रिस्ती राहायचे म्हणजे शिष्यवृत्ती, नोकरी आणि राखीव जागा यांवर पाणी सोडायचे. अलीकडे प्रलोभन आहे ते सोडून जाण्यात, राहण्यात नाही. साऱ्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण शंभरात एकही भरत नाही. तरी खामगावात, मलकापुरात, बुलढाण्यात रविवारी दारे उघडतात. भाकरीच्या सिद्धान्ताने या चार-पाच पिढ्यांचे स्पष्टीकरण कोणी देऊन दाखवावे.

अर्थात हा युक्तिवाद बाहेर जोरात मांडायचा तर घरातही तो खरा हवा. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असे दुहेरी जिणे आपल्यात आहे, हे या मंडपात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. त्या आदेशाने अन्याय केला आहे. त्याविरुद्ध न्यायालयात आणि रस्त्यावर लढले पाहिजे, आणि पोरांच्या शिक्षणापायी ज्या बापाने असा दाखला काढला त्याच्यावर मी दगड उचलणार नाही. पण चार लोकांत ज्याचे नाव घ्यायचे नाही त्यानेच एकांतात मला भरभरून द्यावे, ही मागणी मला कळत नाही. या अवघड जागेवर पाळकांनी मौन सोडून बोलले पाहिजे.

मोबाइलवरच्या प्रवचनांविषयी थोडक्यात. त्यात चांगलेही असते; खाटेला खिळलेल्या म्हातारीला ते वरदान आहे. पण धडधाकट माणसाला पडदा काहीच मागत नाही. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्याच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायला तो सांगत नाही, आणि मेल्यावर दफनभूमीत खड्डा खणायला येत नाही. आजार बरा होईल, धंदा वाढेल, व्हिसा मिळेल, अशी हमी देणाऱ्या सभांबद्दल तर योहानाच्या सहाव्या अध्यायानंतर मला वेगळे बोलायची गरज वाटत नाही.

नेमाने टिकून राहणे म्हणजे निव्वळ सवय, तिच्यात आत्मा कुठे, असे तरुण मंडळी विचारतात. आपल्या जिल्ह्यातली शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. गेल्या वारीत काही अनुभव आला नाही म्हणून यंदा घरी बसतो, असे खरा वारकरी म्हणत नाही. कवी नारायण वामन टिळकांना हे उमगले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत, आणि त्या पुलावरचा नेम त्यांनी इकडे आणला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ओवी, अभंग, पद, कीर्तन या वाटांनी मराठी मंडळीला स्वतःचा आवाज दिला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, पंचावन्नी उलटल्यावर, साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला; पगार देणाऱ्या हातावर विश्वास अवलंबून राहू नये हा त्याचा रोख होता. दोनच वर्षांनी ते गेले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्यांना धड शाळा लाभली नव्हती, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर ज्या पाच वर्षे हिंदूच राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, त्या बाईंनी उतारवयात एक महाकाव्य पूर्ण केले आणि 'स्मृतिचित्रे'ही लिहिली. तृप्ती वाटून निर्माण झालेले हे साहित्य नाही. हाती घेतलेले काम न सोडल्याने झालेले आहे. आज त्याच टिळकांची पदे आपल्या कित्येक उपासनांतून हद्दपार होत आहेत, कारण म्हणे तरुणांना ती कंटाळवाणी वाटतात. दोन वर्षे नेमाने गाऊन पाहिली का, हे मात्र कोणी विचारत नाही.

एक शेवटचा आक्षेप राहिला. उपासनेची एवढी चर्चा कशाला, सेवा करा, असे समाजकार्यात रमलेले आपले मित्र म्हणतात. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. रानात मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत, असे निर्गमात लिहिले आहे. स्वतःपाशी साठवलेल्या भक्तीची गत वेगळी नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. आपण दुष्काळात उचलून आणलेल्या लेकरांचे वंशज आहोत. कापूस-सोयाबीनच्या कर्जाने बाप गेलेले पोर आपल्याला अनोळखी वाटू नये. पण उपासनेवाचूनची सेवा थोड्याच दिवसांत थकते किंवा फोटोपुरती उरते. रमाबाईंच्या मुक्तिसदनात शिवणकाम, छापखाना, शेती आणि प्रार्थना ही एकाच दिवसाची कामे होती.

म्हणून ठराव मांडण्याऐवजी मागणी करतो. प्रत्येक मंडळीने या वर्षी आपल्या गावातले कर्जापायी बाप गमावलेले एक घर गाठावे, ते कोणत्या धर्माचे आहे हे न पाहता, बाप्तिस्म्याचा विषय न काढता आणि कॅमेरा घरी ठेवून. आणि त्या घरातले मूल बारावी होईपर्यंत त्याच्या पाठीशी राहावे. माझे म्हणणे ज्यांना मान्य नाही त्यांनी दुपारच्या सत्रात उठून ते खोडून काढावे, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. ज्यांना मान्य आहे त्यांनी येत्या रविवारी आपापल्या मंडळीत, ज्याच्याशी बोलणे सोडले आहे त्याच्या शेजारच्या बाकावर, जाऊन बसावे. त्या दिवशी काही मिळाले नाही तरी पुढच्या रविवारी पुन्हा यावे.